डिस्क नवी, माहिती शाबूत. मग संगणक सुरू का होत नाही?

जुनी हार्ड डिस्क कुरकुरू लागते, संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे लागू लागतात, म्हणून नवी डिस्क आणली जाते. रात्रभर संगणक चालू ठेवून जुन्या डिस्कवरील सारे काही नव्या डिस्कवर उतरवले जाते. सकाळी शंभर टक्के काम पूर्ण झाल्याची सूचना पडद्यावर दिसते. जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी बसवली जाते, बटण दाबले जाते, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटते : ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’.

यानंतरचा अर्धा तास फार मोलाचा असतो, कारण बहुतेक नुकसान याच अर्ध्या तासात होते. डिस्क बदलल्याने जी माहिती गेलेली नसते, ती घाबरून केलेल्या उपायांमुळे जाते. कोणीतरी जाणकार ‘फॉरमॅट मारून टाका, नव्याने विंडोज टाकू’ असा सल्ला देतो. पडद्यावरची एखादी खिडकी डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करण्याची परवानगी मागते आणि ‘होय’ या बटणावर टिचकी मारली जाते. दहा वर्षांची छायाचित्रे, गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब, अर्धवट राहिलेला प्रबंध असे सारे त्या एका टिचकीने धोक्यात येते.

वस्तुतः ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही’ आणि ‘ऑपरेटिंग सिस्टिम नाही’ या दोन विधानांत मोठा फरक आहे. घर बदलताना टेम्पोतून सारे सामान नव्या घरी पोहोचले, पण दारावर पाटी लावली नाही आणि पोस्टात नवा पत्ता कळवला नाही, तर पत्रे येत नाहीत. त्याचा अर्थ सामान हरवले असा होत नाही. नव्या डिस्कवरून सुरू न होणाऱ्या संगणकाची स्थिती बहुतेक वेळा अशीच असते. माहिती जागेवर असते; तिच्यापर्यंत नेणारी वाट तुटलेली असते. ही वाट कशी असते, ती कोठे तुटते आणि कोणत्या क्रमाने जोडावी, हे समजून घेतले तर बहुतेक संगणक फॉरमॅट न करता पुन्हा उभे राहतात.

बटण दाबल्यानंतरचे काही क्षण

संगणक सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट’ होणे म्हणतात. पायातल्या बुटाच्या मागे, तो ओढून चढवण्यासाठी जो पट्टा असतो त्याला इंग्रजीत ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या एका जुन्या वाक्प्रचारावरून हा शब्द संगणकाच्या परिभाषेत आला. त्यामागची अडचण खरीच आहे. डिस्कवरील कार्यक्रम वाचायचा तर वाचणारा कार्यक्रम आधी स्मृतीत हवा. पण तो कार्यक्रमही डिस्कवरच असतो. मग सुरुवात कोठून करायची?

यावर उपाय म्हणून मदरबोर्डवरील एका चिपमध्ये एक छोटा कार्यक्रम कायमचा ठेवलेला असतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. वीज मिळताच हा कार्यक्रम प्रोसेसर, स्मृती, कळफलक यांची प्राथमिक तपासणी करतो आणि मग डिस्ककडे वळतो. येथून पुढे एखाद्या रिले शर्यतीसारखा प्रकार सुरू होतो. पहिला धावपटू दुसऱ्याच्या हाती काठी देतो, दुसरा तिसऱ्याच्या. प्रत्येकाला फक्त पुढचा धावपटू कोठे उभा आहे एवढेच ठाऊक असते. डिस्क बदलताना नेमकी हीच ‘कोठे’ची माहिती चुकते.

५१२ बाइटांची पहिली पायरी

बायोसच्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला फार महत्त्व असते. त्याला ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ म्हणतात. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांसाठी १९८३ मध्ये आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही रचना रूढ झाली. त्याचा आकार केवळ ५१२ बाइट. त्यातील पहिल्या ४४६ बाइटांत बूट करणारा छोटा कार्यक्रम आणि त्याच्या शेवटाकडे डिस्कचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो. पुढच्या ६४ बाइटांत डिस्कचे जास्तीत जास्त चार मुख्य भाग, म्हणजे पार्टिशन, कोठून सुरू होतात व केवढे आहेत याची नोंद असते. उरलेले दोन बाइट म्हणजे ‘हा सेक्टर बूट करण्याजोगा आहे’ हे सांगणारी ठरावीक खूण.

हा सेक्टर म्हणजे एखादी फाइल नव्हे. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये तो कधीही दिसत नाही आणि म्हणूनच ‘सिलेक्ट ऑल, कॉपी, पेस्ट’ या मार्गाने तो नव्या डिस्कवर जात नाही. सी ड्राइव्हमधील प्रत्येक फाइल नव्या डिस्कवर पोहोचली, तरी हा सेक्टर कोरा राहिला तर बायोसच्या दृष्टीने ती डिस्क रिकामीच असते. शिवाय चालू विंडोज स्वतः वापरत असलेल्या अनेक फाइलींना हात लावू देत नाही. त्यामुळे अशी कॉपी मुळातच अपुरी राहते.

हा सेक्टर नीट उतरला तरी आणखी एक अट असते. चार पार्टिशनांपैकी कोणत्या पार्टिशनवरून सुरुवात करायची हे सांगण्यासाठी त्यातील एकावर ‘अॅक्टिव्ह’ अशी खूण असावी लागते. विंडोज ७ पासून सी ड्राइव्हच्या आधी ‘सिस्टिम रिझर्व्हड’ नावाचा एक लहानसा, सहसा न दिसणारा भाग असतो आणि ही खूण बहुधा त्याच्यावर असते. जागा वाचवण्यासाठी फक्त सी ड्राइव्हचीच नक्कल करणारे येथे फसतात. मोठी खोली हलवली जाते आणि किल्ल्यांचा जुडगा जुन्या घराच्या खुंटीवर तसाच राहतो.

बायोस जाऊन यूईएफआय आले

मास्टर बूट रेकॉर्डमध्ये सेक्टरांची संख्या ३२ बिटांत लिहिली जाते. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर हा हिशेब सुमारे २.२ टेराबाइटपाशी संपतो. त्याहून मोठी डिस्क या पद्धतीने पूर्ण वापरता येत नाही. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरच्या संगणकांसाठी बायोसला पर्याय म्हणून ईएफआय ही व्यवस्था तयार केली होती. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या मंचाने ती पुढे नेली आणि तिला यूईएफआय हे नाव मिळाले. तिच्यासोबत पार्टिशनांची नोंद ठेवण्याची ‘जीपीटी’ ही नवी पद्धत आली. तीत प्रत्येक पार्टिशनला १२८ बिटांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि नोंदीची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीस व दुसरी अगदी शेवटास ठेवलेली असते.

यूईएफआय पहिल्या सेक्टरातील कार्यक्रमावर अवलंबून राहत नाही. ती डिस्कवरील ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ हा छोटा भाग शोधते, त्यातील फाइली वाचते आणि ठरलेली बूट फाइल चालवते. कोणती फाइल चालवायची याची नोंद मात्र डिस्कवर नसते. ती मदरबोर्डच्या स्मृतीत असते आणि तीत त्या पार्टिशनचा ओळखक्रमांकही लिहिलेला असतो. नव्या डिस्कवरील पार्टिशनला नवा क्रमांक मिळाला असेल, तर ही नोंद जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या पत्त्याकडे बोट दाखवत राहते. अशा वेळी यूईएफआय ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’ या उपफोल्डरात ठरावीक नावाची एक पर्यायी फाइल शोधते. ती तेथे असली तर संगणक सुरू होतो, नसली तर डिस्कवर काहीच नसल्यासारखा पुढे निघून जातो.

या दोन पद्धतींची सरमिसळ हे बूट न होण्याचे फार नेहमीचे कारण आहे. बायोसच्या पद्धतीने सुरू होणारे विंडोज मास्टर बूट रेकॉर्डची डिस्क मागते आणि यूईएफआयच्या पद्धतीने सुरू होणारे विंडोज जीपीटीची. जुन्या संगणकातील डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून ती केवळ यूईएफआय चालवणाऱ्या नव्या संगणकात बसवली, तर नक्कल कितीही निर्दोष असली तरी संगणक सुरू होत नाही. अनेक मदरबोर्डांत जुन्या पद्धतीची नक्कल करणारी ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी’ नावाची सोय असते. अलीकडच्या अनेक संगणकांत ती राहिलेली नाही. जेथे ती नाही तेथे डिस्कची मांडणीच बदलावी लागते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन दिले आहे. ते माहिती न पुसता हे रूपांतर करते. तरीही आधी वेगळी प्रत काढून ठेवणेच श्रेयस्कर.

दोन डिस्क, एक ओळख

सेक्टर न् सेक्टर उतरवणाऱ्या साधनाने नक्कल केली तर वरील अडचणी बऱ्याच अंशी टळतात; पण एक नवी अडचण उभी राहते. नक्कल इतकी तंतोतंत होते की डिस्कचा ओळखक्रमांकही जसाच्या तसा उतरतो. एकाच नावाची, एकाच पत्त्याची दोन माणसे एकाच वेळी कचेरीत हजर झाली तर कारकुनाचा जसा गोंधळ उडावा, तसा विंडोजचा उडतो.

विंडोज एक्सपीच्या काळात हा गोंधळ फार महागात पडे. नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून संगणक सुरू केला, की ‘सी’ हे अक्षर जुन्या डिस्ककडेच राही आणि नव्या डिस्कला दुसरे अक्षर मिळे. ही वाटणी नव्या डिस्कवरील विंडोजच्या नोंदवहीत पक्की होऊन बसे. पुढे जुनी डिस्क काढली की नवे विंडोज स्वतःलाच सापडत नसे. व्हिस्टा व त्यानंतरच्या आवृत्त्या अशा वेळी दोहोंपैकी एक डिस्क ‘ऑफलाइन’ करतात. मात्र वापरकर्त्याने ती हाताने ‘ऑनलाइन’ केली तर विंडोज तिच्यावर नवा ओळखक्रमांक लिहिते. त्या डिस्कवरील बूटविषयक नोंदी तर जुन्याच क्रमांकाच्या असतात; त्यामुळे काल व्यवस्थित असलेली नक्कल आज सुरू होत नाही.

लिनक्सवरही हीच गोष्ट वेगळ्या रूपात आढळते. तेथे प्रत्येक फाइल व्यवस्थेला ‘यूयूआयडी’ हा क्रमांक असतो आणि ‘एफस्टॅब’ या फाइलीत त्या क्रमांकांनुसार डिस्कचे भाग जोडले जातात. नव्या डिस्कवर पार्टिशन नव्याने तयार करून फाइली उतरवल्या तर क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकाची वाट पाहत संगणक मध्येच थांबतो. सेक्टर न् सेक्टर नक्कल केली तर क्रमांक तोच राहतो, पण दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना नेमकी कोणती डिस्क वापरली जाईल याचा भरवसा उरत नाही.

म्हणूनच या साऱ्या उद्योगातील सर्वांत साधा व सर्वांत उपयुक्त नियम असा : नक्कल पूर्ण झाली की संगणक बंद करावा, जुनी डिस्क केबलसह काढून बाजूला ठेवावी आणि पहिल्यांदा संगणक सुरू करताना केवळ नवी डिस्क जोडलेली असावी.

डिस्क बदलली, ड्रायव्हर जुनाच

कधी कधी संगणक सुरू होतो, विंडोजचे चिन्हही दिसते आणि मग निळा पडदा येतो. त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द किंवा ‘७बी’ हा क्रमांक असतो. येथे बूटची वाट शेवटच्या टप्प्यापर्यंत शाबूत असते. विंडोजचा गाभा स्मृतीत आलेला असतो. परंतु यापुढे डिस्कशी बोलायला लागणारा ड्रायव्हर त्याच्याजवळ नसतो, किंवा असूनही सुरुवातीलाच चालू करायच्या यादीत नसतो. ज्या भाषेत बोलायचे तीच ठाऊक नाही, अशी ही अवस्था होय.

जुनी डिस्क ‘आयडीई’ पद्धतीने चालत होती आणि नवी ‘एएचसीआय’ पद्धतीने चालवली, तर असे होते. साटा डिस्कवरून एनव्हीएमई जातीच्या एसएसडीवर जातानाही होते. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असेल तर सेटिंग आपोआप मूळ पदावर जातात आणि डिस्कला हात न लावताही हाच अनुभव येतो. पहिला उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत पूर्वी होती तीच ठेवून पाहणे. विंडोज ८ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत पद्धत बदलून एकदा ‘सेफ मोड’मध्ये संगणक सुरू केला की पुष्कळदा योग्य ड्रायव्हर लागू होतो. एनव्हीएमई डिस्क घ्यायची असेल तर नक्कल करण्यापूर्वी ती दुय्यम डिस्क म्हणून जोडून, जुन्या विंडोजला तिची ओळख करून द्यावी.

एक मर्यादा मात्र येथे लक्षात ठेवायला हवी. एनव्हीएमई डिस्कवरून संगणक सुरू होण्यासाठी मदरबोर्डच्या यूईएफआयलाच ती जात ओळखता यावी लागते. जुन्या मदरबोर्डांना ती ओळखता येत नाही. अडॉप्टर लावून डिस्क बसवता येते, विंडोजमध्ये ती दिसतेही. पण तिच्यावरून बूट होत नाही. अशा संगणकासाठी साटा जातीची एसएसडी घेणेच शहाणपणाचे. एम.२ या अरुंद पट्टीच्या आकारात दोन्ही जाती मिळतात आणि वरवर पाहता सारख्याच भासतात. म्हणून दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी वेष्टनावरील जात व आपल्या मदरबोर्डची माहितीपुस्तिका ताडून पाहावी.

पडद्यावरची ओळ काय सांगते?

बूट थांबल्यावर पडद्यावर येणारी ओळ निरर्थक नसते. रिले शर्यतीत काठी कोणाच्या हातून पडली ते ती सांगते. म्हणून काहीही करण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवावे.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘डिस्क बूट फेल्युअर’ अशी ओळ असेल तर पहिल्या धावपटूलाच पुढचा सापडलेला नाही. केबल सैल आहे, बूटच्या क्रमात दुसरेच काही पहिले आहे, बायोस व यूईएफआय यांची सरमिसळ झाली आहे किंवा पहिला सेक्टर उतरलेला नाही. अनेकदा मागे लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह हेच कारण निघते.

‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ अशी ओळ आली तर पहिल्या सेक्टरातील कार्यक्रम चालला आहे. त्याला पार्टिशनमध्ये पुढचा टप्पा मिळाला नाही. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ ही एक्सपीची आणि ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ ही त्यानंतरच्या विंडोजची तक्रार. येथे पार्टिशनपर्यंत वाट पोहोचली आहे, पण विंडोज सुरू करणारी फाइल तेथे नाही. बहुधा ‘अॅक्टिव्ह’ ही खूण चुकीच्या पार्टिशनवर आहे. विंडोजच्याच रंगसंगतीतील पडद्यावर त्रुटिक्रमांक येऊन एखादे आवश्यक साधन उपलब्ध नसल्याचे सांगितले जात असेल, तर बूटची नोंदवही सापडली आहे, मात्र तिच्यातील पत्ता जुना आहे. लिनक्समध्ये ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे दिसली तर ग्रबचा प्रारंभीचा तुकडा चालला आहे, पण त्याला आपल्या बाकीच्या फाइली सापडत नाहीत.

यांपैकी कोणत्याही ओळीचा अर्थ ‘माहिती नष्ट झाली’ असा होत नाही. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा बायोसमध्ये तिचे नावच उमटत नसेल, तर दोष बूटचा नसून डिस्कचा आहे आणि तेथे घरगुती प्रयोग थांबवणे बरे.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

दुरुस्तीचा क्रम निरुपद्रवी उपायांकडून गंभीर उपायांकडे जाणारा असावा. पहिल्या पायरीला डिस्कवर काहीच लिहिले जात नाही : जुनी डिस्क व सारे पेन ड्राइव्ह काढावेत, केबल घट्ट बसवावी, बायोसमध्ये नवी डिस्क दिसते का ते पाहावे, बूटच्या क्रमात तिला पहिले स्थान द्यावे, बूटची पद्धत आणि साटाची पद्धत पूर्वीसारखी ठेवावी. पुष्कळ संगणक एवढ्यावरच सुरू होतात.

दुसऱ्या पायरीला विंडोजच्याच आवृत्तीचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू करावा आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर’ हा पर्याय निवडावा. त्यातील ‘स्टार्टअप रिपेअर’ अनेकदा स्वतःच नोंदी दुरुस्त करते. ते जमले नाही तर त्याच ठिकाणच्या कमांड प्रॉम्प्टमधून काम करता येते. बायोसच्या पद्धतीत ‘बूटरेक’ या आज्ञेचा ‘फिक्सएमबीआर’ हा पर्याय पहिल्या सेक्टरातील कार्यक्रम नव्याने लिहितो, पण पार्टिशनांच्या नोंदीला धक्का लावत नाही. यूईएफआयच्या पद्धतीत ईएफआय पार्टिशनला तात्पुरते एक अक्षर देऊन ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा चालवली, की विंडोजच्या फोल्डरातून बूट फाइली पुन्हा उतरवल्या जातात आणि नोंदवही नव्या पत्त्यासह तयार होते. या वातावरणात ड्राइव्हांची अक्षरे नेहमीपेक्षा वेगळी असू शकतात. आज्ञा देण्यापूर्वी त्या त्या अक्षराखाली खरोखर काय आहे ते पाहून घ्यावे.

लिनक्समध्ये लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, नव्या डिस्कवरील व्यवस्थेत ‘सीएचरूट’ने प्रवेश करावा. तेथून ग्रब नव्याने बसवावा, त्याची नोंद नव्याने तयार करावी आणि ‘एफस्टॅब’मधील क्रमांक प्रत्यक्ष क्रमांकांशी ताडून पाहावेत.

‘क्लीन’, ‘फॉरमॅट’, ‘इनिशिअलाइझ’ हे शब्द या साऱ्या प्रवासात जेथे जेथे भेटतील तेथे तेथे थांबावे. बूट दुरुस्त करायला यांपैकी एकाचीही गरज नसते.

नक्कल करण्यापूर्वीच

आजारी डिस्कची नक्कल करताना आधी तिची नाडी पाहावी. प्रत्येक आधुनिक डिस्क ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेद्वारे स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. बदलून घेतलेल्या व वाचता न आलेल्या सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर संपूर्ण नक्कल करण्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे काढून घ्याव्यात. नेहमीची साधने खराब सेक्टरपाशी अडखळतात. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मुक्त साधन आधी चांगला भाग उतरवते, खराब भागाकडे नंतर वळते आणि कोठवर पोहोचलो याची नोंद ठेवते. निरोगी डिस्कसाठी तैवानमध्ये विकसित झालेले ‘क्लोनझिला’ हे मुक्त साधन जगभर वापरले जाते.

यूएसबी डबीत नवी डिस्क ठेवून नक्कल करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही डब्या ५१२ बाइटांचे सेक्टर संगणकाला ४०९६ बाइटांचे म्हणून दाखवतात. अशा डबीत तयार झालेली पार्टिशने डिस्क डबीतून काढून थेट साटा केबलला जोडताच दिसेनाशी होतात. डिस्क पुन्हा त्याच डबीत ठेवली की ती परत दिसतात. उपाय एवढाच की नक्कल शक्यतो डिस्क थेट जोडूनच करावी.

डिस्क कूटबद्ध असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये ही व्यवस्था वापरकर्त्याच्या नकळत चालू असते आणि डिस्क बदलताच संगणक ती की मागतो. ती जवळ नसेल तर पुढील कोणताही उपाय चालत नाही.

सर्वांत भयंकर चूक मात्र तांत्रिक नाही. ती दिशेची आहे. नक्कल करणारे साधन ‘कोठून’ व ‘कोठे’ असे दोन प्रश्न विचारते. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या व एकाच क्षमतेच्या असतील, तर ही दोन उत्तरे उलटी दिली जाण्याचा धोका मोठा असतो. आणि तसे झाले तर कोऱ्या डिस्कची प्रामाणिक नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरते. या चुकीवर बूट दुरुस्तीचा कोणताही उपाय नाही. म्हणून दोन्ही डिस्कच्या लेबलांवरील अनुक्रमांक आधी कागदावर लिहावेत, पडद्यावर तेच दिसतात का ते पाहावे आणि शक्य असल्यास शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते वाचून घ्यावेत.

एवढी खटपट कशासाठी?

नव्या डिस्कवर नव्याने विंडोज टाकून जुन्या फाइली उतरवून घेणे हा सोपा मार्ग उपलब्ध असताना नक्कल कशाला, असा प्रश्न विचारला जातो. ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्येच चालते त्यांच्यासाठी तोच मार्ग चांगला आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे त्यांना नवी सुरुवात करण्यास निमित्तही आहे. परंतु सर्वांची स्थिती तशी नसते. महाराष्ट्रातील डीटीपी व्यावसायिकांकडे, छोट्या छापखान्यांत व नियतकालिकांच्या कचेऱ्यांत युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्ट व सॉफ्टवेअर चालवणारे जुने संगणक आढळतात. त्यांची मूळ सीडी हरवलेली असते, परवान्याचा कागद सापडत नाही आणि त्याच फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेले मजकूर दुसरीकडे नीट उघडत नाहीत. अशा ठिकाणी फॉरमॅट मारणे म्हणजे वर्षानुवर्षांच्या कामाला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणे होय. तेथे नक्कल आणि बूटची दुरुस्ती हाच मार्ग उरतो.

नवी डिस्क सुरू झाली म्हणजे काम संपले असेही नाही. जुनी डिस्क किमान काही आठवडे, काहीही न लिहिता, तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी. तेवढ्या काळात रोजच्या वापरातील प्रत्येक सॉफ्टवेअर आणि प्रत्येक महत्त्वाचा फोल्डर एकदा तरी उघडून पाहावा. जी डिस्क आजारी म्हणून काढली तिच्यावर कायमची भिस्त ठेवता येत नाही. म्हणून त्याच काळात आणखी एक प्रत बाह्य डिस्कवर काढावी. एवढे झाल्यावरच जुनी डिस्क पूर्ण पुसून टाकावी आणि मगच ती भंगारवाल्याच्या हाती द्यावी, कारण तोवर सारी माहिती तिच्यावरही असतेच.

आणि काळ्या पडद्यावर ती पांढरी ओळ पुन्हा उमटलीच, तर आधी संगणक बंद करावा. कपाटात जुनी डिस्क धक्का न लागता पडून आहे तोवर दुरुस्तीची घाई करण्याचे कारण नाही. नव्या डिस्कवर प्रयोग फसला तर नक्कल पुन्हा करता येते; म्हणून पहिला हात नव्या डिस्कला लावावा, जुनीला नव्हे.